दोष माझ्या प्रकाशात नव्हता

मित्रांनो, मी एक जुना लेझर आहे. जुना, पण निकामी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण एकदा मला निकामी ठरवून झाले आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या अशा खोलीत झाला, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. कामगारांनी माझ्या टोकाला नीलमण्याची चकती बसवली. ती गार राहते, म्हणून वरची कातडी भाजत नाही. माझा प्रकाश केसातला काळा रंग शोधतो, तिथे त्याची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळाला दुबळे करते. पांढरा केस मला सापडतच नाही. कातडीतही तोच रंग असल्यामुळे सावळ्या त्वचेवर मला जपून चालवावे लागते. शिवाय वाढीला लागलेलाच केस माझ्या तावडीत येतो, झोपलेला सुटतो. म्हणून महिन्या-दीड महिन्याने पुन्हा पुन्हा यावे लागते. ही जादू नाही, विज्ञान आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. नर्सताई रोज माझे टोक पुसत, माझी नळी न मुरडता टांगून ठेवत.

मग चष्म्याच्या दुकानात काम करणारी ती मुलगी आली. तिच्या हनुवटीवर दाट केस होते. सोबत तिची मावशी असे. मुलगी सहा महिने आली, सहा वेळा माझ्यासमोर डोळे झाकून झोपली. केस दर वेळी पुन्हा तितकेच उगवले.

"सहा महिने काय दिवे लावले या डबड्याने?" मावशी कडाडल्या.

"मी आता नाही येणार," मुलगी हळूच म्हणाली.

नर्सताई म्हणाल्या, "मॅडम, म्हातारा झाला हा. नवीनच मागवू या."

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो! माझे काम झाले की जळक्या केसाचा वास येतो. तिच्या हनुवटीवर तो कधीच येत नव्हता. मी रिकाम्या घरांची दारे ठोठावत होतो.

दुरुस्तीवाला आला. त्याने माझी ताकद मोजली आणि हसला. "ठणठणीत आहे की! इतरांच्या वेळी वास येतो ना? मग त्या मुलीला विचारा, याला कशाला झोडपता?"

डॉक्टरीणबाईंनी मुलीला बोलावून विचारले. तिने ओढणी हनुवटीवर ओढून घेतली.

"दर वेळी आदल्या दिवशी दोऱ्याने काढून येते मी."

"अगं, उपटायचं नाही म्हणून बजावलं होतं ना? मूळच नसेल तर प्रकाश तापवणार कशाला?"

"बजावलं होतं. पण मी दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवते हो. त्यांच्या डोळ्यांपासून माझी हनुवटी वीतभर. त्यात चष्मा नवा कोरा, सगळं लख्ख दिसतं!"

नर्सताईंना हसू फुटले. मग मुलीलाही.

"सहा आठवडे दोरा बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार तर रेझर फिरव."

"रेझर? अगं बाई, राठ येतील!" मावशी दचकल्या.

"नाही येत, मावशी. रेझर वरचं टोक कापतो, खाली मुळाला पत्ताही लागत नाही."

सोपे नव्हते ते. सकाळी रेझर फिरवला तरी दुपारी हनुवटीवर सावली दिसे. सहा आठवड्यांनी ती आली, तेव्हा सावली लपवायला ओढणी नव्हती.

"दुकानात एका चिमुरडीने विचारलं, 'ताई, तुला दाढी आहे?' मी म्हटलं, 'आहे. दिसली ना? म्हणजे तुझ्या चष्म्याचा नंबर बरोबर आहे!'"

त्या दिवशी वास आला. मित्रांनो, मला तो अत्तरासारखा वाटला!

पुढच्या काही खेपांत केस विरळ झाले. पुरते गेले नाहीत. काही परत येतील, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. मावशींनी चष्मा सावरून पाहिले. "अजून आठ-दहा आहेत. तेही उडवून टाक की."

मुलगी उठून बसली. "राहू देत. दर आठवड्याला त्या दोऱ्यापुढे मान वर करून बसायचं नव्हतं मला. आता बसावं लागत नाही. बास."

डॉक्टरीणबाईंनी माझी किल्ली फिरवली. इतक्या मानाने मला आजवर कुणी बंद केले नव्हते.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. त्यांचे टोक पुसा, नळ्या मुरडू नका, घाईघाईत त्यांची ताकद वाढवू नका, आणि ती मुकी आहेत म्हणून चुकीचे खापर त्यांच्या माथी फोडू नका. आणखी एक. कुणाला टोमणे मारमारून माझ्यासमोर आणू नका. चेहरा ज्याचा, शेवटचा शब्दही त्याचाच असायला हवा. मला तर नकार देता येत नाही. बटण तुमच्या हातात आहे. म्हणूनच इतके ठणकावून सांगतो आहे.