पाचवी हळद

खरवईच्या ठमाबाईच्या देव्हाऱ्यात टाक होते, नारळ होता आणि त्यांना खेटून एक काळी चौकोनी फ्लॉपी होती. म्हातारीला जाऊन नऊ वर्षं झाली, पण फ्लॉपीचं हळदकुंकू कधी चुकलं नाही. दसऱ्याला कोयत्या-विळ्यांच्या आधी तिचा मान. थोरली सून वेणू तो नेमानं पाळायची. का नाही पाळणार? सासू गावची धवलारीण, आणि त्या तळहाताएवढ्या डबीत तिचे धवले, लग्नाची गाणी होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाते तसं लग्न पुढे सरकतं. ती म्हणेल तेव्हा तेल, ती म्हणेल तेव्हा हळद.

धवले फ्लॉपीत घातले ते धाकट्या दिरानं, दिपेशनं. पंचवीस वर्षांपूर्वी तो अंबरनाथ पश्चिमेला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. क्लासवाल्यांचा एक जुना कॉम्प्युटर महिनाभर घरी आणून, आईला समोर बसवून, ती बोलेल ते त्यानं टाइप केलं. आता त्याचीच लेक उन्नती लग्नाला उभी होती. बुधवारी हळद, आणि आज शनिवार.

"डीजे नंतर," उन्नतीनं सगळ्यांना बजावलं होतं. "आधी आजीचा धवला. मोठ्याई म्हणणार."

मोठ्याई म्हणजे वेणू. गळा होता तिला, पण हळदीचा धवला तिला अर्धाच येत होता:

पहिली हलद गो गावदेवाला,
दुसरी हलद गो उंबऱ्याला,
तिसरी हलद गो उखली-मुसलाला,
चवथी हलद गो आयबापाला…

आणि पाचवी? तिथं वेणूच्या कानात नुसता स्टो घोंघावायचा. घरातलं कुठलंही लग्न असो, वेणू मांडवामागं चुलीशी. चौथी हळद लागली की चहाची वेळ व्हायची. पंपाचा मोठा स्टो पेटायचा, आणि त्याच्या घरघरीत पुढचं सगळं गाणं बुडून जायचं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर एकीनं सांगितलं पाचवी मामाला, दुसरीनं सांगितलं आत्याला, आणि त्यावरून दोघींनी बोलणं टाकलं. दिपेशला विचारलं, तर तो डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, मी अक्षरं शोधत होतो गं. ऐकायचं राहूनच गेलं."

म्हणून वेणूनं फ्लॉपी नव्या खणात गुंडाळली आणि उन्नतीच्या स्कूटीवर मागं बसली. स्कूटी उल्हासनगरला निघाली.

"आजी तुला मांडवात का नाही बसवायची?" उन्नतीनं विचारलं.

"मना? चुलीशी कोन बसल मग? वर आणि हलदीचे हात पुसायला माझा गाल. दर लग्नात यायची, गालाला हात पुसायची आणि विचारायची, चा झाला का गो? फडका नव्हता जसा घरान!"

उन्नती इतकी हसली की स्कूटी डुलली.

तिथल्या कॅम्प पाच भागात हरेशचं दुकान होतं. पुढच्या काउंटरवर लग्नपत्रिकांचे नमुने, मागच्या फळ्यांवर जुने कॉम्प्युटर, जसे पाहुणे येऊन परत जायचे विसरलेत. हरेश सिंधी, साठीचा, दिपेशच्या जुन्या ओळखीचा, चष्मा कपाळावर. त्यानं खण उलगडला आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"साईं! ये फ्लॉपी है या पुरणपोळी?"

"पूजा केलीय तिची," वेणू म्हणाली.

"दिसतंय ना भाभी. पण पूजा बाहेरून करायची. तुम्ही तर डायरेक्ट गाभाऱ्यात घुसलात!" त्यानं पत्र्याची छोटी झडप सरकवली. आतल्या काळ्या पडद्यावर पंचवीस दसऱ्यांची बोटं पिवळी उमटली होती.

वेणू ओशाळली. झडप सरकवून आत बोट लावायचं, हे सासूनंच शिकवलं होतं. देवाचं वस्त्र बाजूला करून टिळा लावतात, वस्त्राला कोण लावतं?

"वाचेल का?" उन्नतीनं विचारलं.

"अशीच मशीनमध्ये टाकली तर खरवडून जाईल. खल्लास." हरेश गंभीर झाला. "आधी आंघोळ घालावी लागेल. ती पण एकदाच. बिघडलं तर दुसरी कॉपी आहे?"

दोघींनी नकारार्थी माना हलवल्या.

हरेशनं डबीचा सांधा पात्यानं उकलला. आतून एक गोल, पातळ चकती निघाली, कावळ्याच्या पंखासारखी काळीभोर. ती त्यानं कडेनं धरून पाण्यात बुडवली, मग कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावलं, बाळाची टाळू पुसावी तशा हातानं. बोळा पिवळा झाला. दुसराही झाला. वेणू प्रत्येक बोळा निरखून बघत होती. हळदीबरोबर धवलाच तर पुसला जात नसेल?

पंख्याखाली चकती वाळली. हरेशनं ती एका कोऱ्या फ्लॉपीच्या डबीत बसवली आणि जुन्या मशीनच्या तोंडात सरकवली. कट्. कट्-कट्. घर्रर्र. पडद्यावर अक्षरं आली, पण कुठली! इंग्रजी मुळाक्षरं, मध्येच कंस, मध्येच प्रश्नचिन्हं.

"गेलं," उन्नती पुटपुटली.

"अरे बेटा, गेलं कुठे? जुना मराठी फॉन्ट आहे. माझ्या पत्रिका याच्यातच छापायचो. तुमची पत्रिका मात्र दुसरीकडे छापली हां, माझ्या लक्षात आहे." त्यानं दोन बटणं दाबली, आणि त्या गिचमिडीतून मराठी उभी राहिली, जशी खाचरातून रोपं.

उन्नती मोठ्यानं वाचू लागली. "चवथी हलद गो आयबापाला. थांब रं, पानी पिते. लिवलास? ह्ये कशाला लिवतंस मेल्या, पानी पिते ह्ये धवल्यान नाय!"

वेणू जी हसली, ती पदर तोंडाला लावूनही थांबेना. दिपेशनं अक्षरं शोधता शोधता आईच्या तोंडून निघालेलं सगळंच टाइप केलं होतं. पाणी, खोकला, शिव्या, सगळं. नऊ वर्षांनी म्हातारी कॅम्प पाचमध्ये बसून खेकसत होती.

"पुढं वाच गो!"

"पाचवी हलद गो…" उन्नती थांबली. पुढे नुसते चौकोन होते.

हरेशनं पुन्हा वाचायला लावलं. कट्-कट्. चौकोन. चकती काढून पुसली, मशीनचं तोंडही आतून पुसलं, पुन्हा लावलं. चौकोन. शेजारचा दुकानदार येऊन बघून गेला. नवव्या वेळी मशीन बराच वेळ कण्हलं, गप्प झालं, आणि चौकोन एकेक करून अक्षरं झाले. उन्नतीनं वाचलं, हळू:

पाचवी हलद गो चुलीम्होरचीला,
तिचा घाम गो आंधनाला.
तिला मांडवान कोनी बोलवी ना,
हलद चालली तिच्या दाराला.

आणि त्याच्याखाली, अगदी चिकटून: "वेनू, चा झाला का गो?"

वेणूचा हात आपसूक गालावर गेला. दिपेशच्या लग्नात, नणंदेच्या लग्नात, चुलत दिरांच्या लग्नात, दर वेळी तोच ओला पिवळा तळवा, तोच प्रश्न. आणि दर वेळी तिनं तो गाल पदरानं खसाखसा पुसून टाकला होता.

"भाभी, काय झालं? पानी देऊ?" हरेशनं विचारलं.

"काय नाय," वेणू म्हणाली. डोळे भरले होते, पण ती हसतच होती. "सासू फडका शोधत नव्हती माझी."

बुधवारी खरवईत मांडव भरला. वेणू पाटावर बसली आणि गळा मोकळा सोडला. कागद मांडीवर होता, पण तिनं एकदाही खाली पाहिलं नाही. गावदेव झाला, उंबरा झाला, उखळ-मुसळ झालं. चौथ्या हळदीला दिपेश रडला आणि बायकोनं त्याला कोपर मारलं. मग वेणू गातागाताच हळदीची वाटी घेऊन उठली. पाचवी मामाला म्हणणारी म्हातारी जरा पुढे सरकून बसली. वेणू तिच्या पुढून गेली. आत्याला म्हणणारीच्याही पुढून गेली. बायका वाट सोडत राहिल्या, आणि धवला मांडवामागं चालत गेला.

तिथं केटररची सोनिया गॅसवर मोठं पातेलं ढवळत उभी होती, घामानं निथळत. वेणूनं तळवाभर हळद तिच्या गालाला फासली.

"अरे मौसी! मेरेको क्यूँ? दुल्हन उधर है!"

"माहीत हाय मना."

मागून आलेल्या बायका खो खो हसत होत्या. दिपेश फोन उंच धरून रेकॉर्डिंग करत होता. "वहिनी, हे पण घेऊ का?"

"सगळं घ्या पप्पा!" पिवळीधमक उन्नती मांडवातून ओरडली. "काही गाळू नका!"

सोनियानं गाल पुसायला ओढणी उचलली. वेणूनं तिचा हात धरला.

"राहू दे गो," ती म्हणाली. "चा झाला का?"