रिकामे कंस

"फोन वाजलाच नाही," राखणदार तुर्दाकुन-अके चौथ्यांदा म्हणाले. पुढ्यातल्या हौदात ट्राउट माशांची हजारो पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. मत्स्यशेतीच्या मालकाचं म्हणणं, म्हातारा दुपारचा झोपला असणार, नाहीतर प्यायलेला असणार. पाण्यातला ऑक्सिजन घटला की राखणदाराचा फोन वाजतो. एवढी महागाची यंत्रणा काय खोटं बोलेल? सगळे मानाने ज्यांना अके, म्हणजे वडीलधारे, म्हणत, त्यांच्याकडून किल्ल्या तिथल्या तिथे काढून घेतल्या.

ती यंत्रणा बुरुलची. काराकोल शहरातल्या दोन खोल्यांत बसून वीस वर्षं प्रोग्राम लिहिणारी बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. यंत्रणा बरोबर आहे हे दाखवायलाच तिने प्रोग्राम उघडला.

तिच्या इंटरफेसची, म्हणजे सगळ्या मापकांना बांधणाऱ्या कराराची, अट साधी होती: जो क्लास, म्हणजे प्रोग्रामचा जो तुकडा, स्वतःला ऑक्सिजनचा मापक म्हणवेल, त्याने 'ऑक्सिजन घटला' हा इव्हेंट, म्हणजे ही हाक, द्यायलाच हवी. हाक कोण ऐकणार हे मापकाला ठाऊक नसतं. ज्याला ऐकायची, त्याने आपलं नाव नोंदवायचं. जुना मापक नावं जपून ठेवी. मार्चमध्ये बसवलेल्या नव्या मापकाच्या क्लासमध्ये नाव घालायची जागा होती, नाव काढायचीही होती, पण दोन्ही कंस रिकामे. अट नावापुरती पुरी झाल्यामुळे लिहिलेलं तपासणाऱ्या कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता. अकेंचा नंबर तिथे गेला आणि जिरला.

लिहिलं होतं तिनेच. तिने तारीख बघितली. त्याच दिवशी माहेराहून, नारीनहून, भावाचा फोन आला होता: आईला जरा बरं नाही, निघून ये. मरणाची बातमी अशी फोनवर कुणी सांगत नाही. काय ते आपणच ओळखायचं. बाकीचं आल्यावर भरू म्हणून तिने कंस मिटले आणि बस धरली. आईच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी उरकून परतली तेव्हा त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही. काय म्हणायचं अशा चुकीला!

मालकाला तिने सगळं लिहून दिलं. तिचं काम गेलं. अकेंच्या जागी दुसरा माणूस आला होता, तो राहिला.

मग ती अकेंच्या घरी गेली. अके अंगणात जाजमावर बसले होते. त्यांनी चहा ओतला आणि आपणच सांगू लागले, की मालक म्हणतो तर वाजला असेल फोन, आपलेच कान गेले असतील. हल्ली बायकोने हाक मारली तरी ते आधी तिच्या ओठांकडे बघत. एकट्याने रस्ता ओलांडणंही त्यांनी सोडलं होतं. बुरुलने पेला खाली ठेवला.

"अके, चूक माझी होती. फोन वाजलाच नव्हता."

अकेंनी विचारलं, "नक्की, पोरी?"

"नक्की."

"मग त्या फाटकापाशी जा, आणि फोन लाव बघू एकदा."

बुरुल फाटकापाशी गेली. अकेंनी फोन पाठीमागे जाजमावर ठेवला आणि डोळे मिटले. तिने नंबर लावला.

फोन वाजला. वाजत राहिला. अके डोळे मिटूनच ऐकत राहिले; त्यांनी तो उचलला नाही आणि बुरुलनेही बंद केला नाही.