ढोलकवाल्या गल्लीची पाहणी

अमरोह्याच्या ढोलकवाल्या गल्लीत मागासलेपण आहे की नाही, हे बघायला लखनौहून सक्सेना साहेब येणार होते. असलं, तर अल्पसंख्याकांच्या निधीतून मुलींचं हायस्कूल. नसलं, तर पैसा मार्चअखेर दुसऱ्या जिल्ह्याला. महजबीनची लेक फलक आठवी पास होऊन घरी बसली होती, कारण पुढची शाळा हमरस्त्यापलीकडे आणि बापाचा जीव अलीकडे. म्हणून महजबीनने दारोदार सांगितलं, "एक दिवस जसे आहात तसे दिसा. बस्स."

नेमकं तेच गल्लीला जमेना.

"दुल्हन, गरिबी घरातली गोष्ट," शेजारच्या हज्जन चाची तिला म्हणाल्या. "ती काय पाहुण्यापुढे मांडायची?"

साहेब आले. हज्जन चाचींकडे त्यांना सुनेच्या हुंड्यातल्या लाल मखमली सोफ्यावर बसवलं, सोनेरी काठाच्या कपात चहा दिला. साहेबांनी नानखटाईचा एक घास घेऊन बाकीची बशीत ठेवली. ते उठले तसा सोफा जिन्याने वर चढला आणि गच्च्यांवरून शेजारी उतरला. मागोमाग कप, बशी. वर धडधड झाली की खाली ढोलक दणकायचे. साहेबांना वाटलं, स्वागत. तिसऱ्या दारात तर त्यांनी ठेकाही धरला. समाज कुठे का असेना, सोफा प्रगतिपथावर होता.

महजबीनने आपल्या घरात चटई अंथरली होती. साहेबांना सलाम करून ती वळली, तर चटईवर सोफा! बाजूला नवरा, शमशाद, नवरदेवासारखा उभा.

साहेब टेकले. "वा! सुखवस्तू वस्ती आहे. निधी खऱ्या गरजूंना द्यायला हवा." आणि त्यांनी बशीतली नानखटाई उचलली.

बोलावं तर गल्लीची अब्रू जाणार, गप्प बसावं तर फलकची शाळा.

"साहेब, तिला दात लागलेत," ती म्हणाली. "तुमचेच. हज्जन चाचींकडे लागले होते."

"अगं, गप!" शमशाद कळवळला.

"तुम्ही उठू नका, साहेब. सोफा अडवून बसा. तुमच्या कारकुनाला पुढच्या घरी पाठवा."

कारकून गेला आणि आला. "साहेब, तिथे फाटकी चटई आहे. आणि चार माणसं सोफ्याची वाट बघतायत."

ढोलक थांबले. साहेब हातातल्या नानखटाईकडे बघत राहिले, मग असे हसले की चहा मखमलीवर सांडला.

"माझा सोफा!" हज्जन चाची दारातून ओरडल्या.

"लिहून घ्या," साहेब डोळे पुसत कारकुनाला म्हणाले. "मागासलेपण आढळलं. भरपूर आढळलं. हायस्कूलची शिफारस करतो."

साहेबांची जीप कोपऱ्यावरून वळेपर्यंत चाचींनी दम धरला. मग त्या कमरेवर हात ठेवून महजबीनपुढे उभ्या राहिल्या.

"नाक कापलंस गल्लीचं!"

"कापलं, चाची."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना."

"मग ऐक. शाळा निघाली की माझ्या नातीचं नाव पहिलं."

"दुसरं," महजबीन म्हणाली.