बेल्मिरोने दडवलेली पाच घरं

सरकारने पुन्हा टाळेबंदी लावली आणि बेल्मिरो न्हाव्याच्या दुकानाचं शटर खाली आलं. कात्री मात्र थांबली नाही. पावाच्या पिशवीत सामान घालून तो गुपचूप गिऱ्हाइकांच्या घरी जाऊ लागला. पोलिसाने हटकलं की, "पाव आणायला निघालोय!" पोर्तुगालच्या त्या लहानशा गावात थोडंफार सगळेच असं करत होते. नियम काय, दुसऱ्यांसाठीच असतात ना!

जानेवारीत एका रविवारी त्याला ताप भरला. मंगळवारी सकाळी चाचणीचा निकाल आला, कोरोना. पाठोपाठ आरोग्य केंद्रातून फिलोमेना नर्सचा फोन.

"गेल्या चार-पाच दिवसांत कोणाकोणाला भेटलात, सेन्योर बेल्मिरो?"

"कोणालाच नाही. दुकान बंद आहे, बाई."

"हे बघा, मी पोलीस नाही. माझ्या यादीत गुन्हेगार नसतात. वेळेत कळलं तर वाचू शकतील अशी माणसं असतात. काही आठवलं तर लगेच कळवा."

फोन ठेवला, पण त्याला चैन पडेना. खुर्चीत बसे, उठे, पुन्हा खिडकीशी जाई.

बंद दाराबाहेरून त्याची बायको ओदेत म्हणाली, "अहो, पाच घरं झाली तुमची. मला ठाऊक नाही असं वाटलं?"

"नावं सांगितली तर सगळ्यांना घरात कोंडतील. मला दंड होईल तो वेगळाच. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही!"

"आणि समोरचे आदेलिनोकाका? शनिवारी दाढी केलीत त्यांची. त्यांची बायको औरोरा आज डायलिसिसला जाईल. तिला न्यायला येणाऱ्या इस्पितळाच्या गाडीत आणखी तिघं आजारी माणसं असतात. त्यांना लागण झाली तर कुठे तोंड दाखवाल?"

बेल्मिरोने फोन उचलला, परत ठेवला. साडेअकराला समोर गाडी येऊन थांबली. आत तिघं बसलेले. ड्रायव्हर औरोराला हात देऊन पायरी उतरवत होता.

बेल्मिरोने खिडकी धाडकन उघडली.

"थांबा! तिला गाडीत घेऊ नका! मला कोरोना झालाय! शनिवारी मी तिच्या घरी गेलो होतो!"

शेजारची झुल्मिरा कडाडली, "मेल्या, शुक्रवारी माझ्या नवऱ्याचे केस कापलेस! आणि आत्ता बोलतोस?"

"आत्ता तरी बोलतोय! तुम्हीही घरातच बसा!"

त्याने फिलोमेनाला फोन लावला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बरं केलंत. पहिलं घर सांगा."

औरोराला वेगळ्या गाडीने नेऊन वेगळ्या खोलीत डायलिसिस केलं. तिला आणि आदेलिनोला, दोघांनाही कोरोना निघाला. ती एकोणीस दिवस इस्पितळात काढून घरी आली. गाडीतल्या तिघांना मात्र काही झालं नाही. बेल्मिरोने दंड भरला. झुल्मिराचा नवरा आजही दुसऱ्या गावात केस कापून येतो.

दुकान उघडलं त्या दिवशी पहिले आले आदेलिनोकाका. खुर्चीत बसत म्हणाले, "तुझ्यावरचा राग गेला नाही माझा. पण तू ओरडला नसतास, तर तुझ्या दाराशीही आलो नसतो."

मित्रहो, सरकार दुकानं बंद करील, रस्त्यावर पोलीस उभे करील. पण आपण कोणाच्या घरी जाऊन आलो, हे आपल्यालाच ठाऊक असतं. चूक कोणाच्याही हातून होते. ती वेळेवर सांगायची लाज वाटली, तर त्या लाजेपायी भलत्याच कोणाचा तरी जीव जातो!