धूर दिसला की

सुदानमधल्या ओमदुरमानच्या आमच्या गल्लीत सार्वजनिक चुलीचा धूर दिसला की पोरं भांडी घेऊन रांगेत येतात. परदेशी गेलेले गल्लीतलेच लोक माझ्या मोबाइलवर पैसे पाठवतात, त्यावर ही चूल चालते. नेट कालपासून बंद होतं. पाणी उकळेपर्यंत येईल असं धरून मी चूल पेटवली, पातेलं चढवलं आणि मसूर आणायला इद्रिसच्या दुकानात गेले.

"नेट आलं की लगेच पाठवते. पोतं दे."

"खाला, कालही हेच म्हणालीस. तुझ्या मोबाइलमधले पैसे काय चाटू?"

"मेल्या, पोरं उपाशी आहेत!"

"माझीही आहेत," तो खाली बघत म्हणाला. "माझेही पैसे मोबाइलमध्येच अडकलेत. व्यापारी मला तरी कुठे उभं करतोय?"

रिकाम्या हाताने परतले. रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि पाणी खळखळ उकळत होतं. पहिल्याच मुलीने डबा पुढे केला.

"खाला, आज काय आहे?"

मी पाण्यात मूठभर मीठ टाकलं आणि ढवळलं.

"शोरबा," म्हटलं, "गरम आहे, सांभाळून ने."