न दुखलेली फळी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावर वाळूत तिरकी होऊन पडले आहे, आणि मला दोन डोळे आहेत. हसू नका. आमच्याकडे डोळ्यांवाचून होडी पाण्यात उतरवत नाहीत. मालवाहू होड्यांचे डोळे समोर, लांबवर पाहतात; आम्हा मासेमारीच्या होड्यांचे खाली वळवलेले असतात, कारण आम्हाला मासे शोधायचे असतात.

माझं लाकूड डोंगरातून नदीवाटे आलं. सुतारांनी फळीला फळी जोडली, बांबूचा भुसा ठोकून फटी भरल्या, वर राळ माखली. डोळे अगदी शेवटी बसवले आणि त्यांवर तांबडं फडकं बांधलं. मग उदबत्त्या लागल्या, कोंबडा शिजला, आणि माझ्या मालकाने, खोयने, फडकं सोडलं. तो क्षण कसा सांगू! समोर एवढं पाणी होतं की ते संपतं कुठे हे मला आजही कळलेलं नाही. मी नुसती पाहत राहिले.

मग वाटलं, हे सगळं पाहणारी मी आहे तरी कशी? शेजारच्या होड्यांचे डोळे मला दिसत. माझे मला कधीच दिसले नाहीत. खाडीचं पाणी निवांत असलं की मी त्यात डोकावायची. तांबडा-पांढरा ठिपका दिसतो न दिसतो तोच लाट यायची.

एकदा भर समुद्रात एक देवमासा माझ्या कुशीला वर आला. खोय आणि त्याचे दोघे धाकटे भाऊ "आजोबा, आजोबा" म्हणत गुडघ्यांवर बसले. त्याला हाक मारायची आमची तीच रीत. त्याचा डोळा माझ्या डोळ्यापासून हातभर अंतरावर होता. मी त्यात स्वतःला शोधू लागले. कळलं ते एवढंच, की हा जीव माझ्याहून फार जुना आहे आणि तो मला पाहतो आहे. माझी फळी न् फळी शहारली.

बाहेरून नाही तर नाही, मी स्वतःला आतून ओळखायला लागले. ईशान्येचा वारा सुटला की नाळेजवळचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, सांधा कुरकुरायचा. ओलं जाळं उजवीकडे पडलं की तिसरी फासळी ठणकायची. मी कण्हले की खोयला कळायचं. एका वादळात ती फासळी मी अशी काही करकरवली, की त्याने अर्धी मासळी पाण्यात लोटली आणि आम्ही सगळे तरलो. किनाऱ्याला लागल्यावर तो जो भेटेल त्याला सांगत सुटला, "हिचं हिला सगळं कळतं हो!" त्या कौतुकाने मी फुगले. तळाची रुंद फळी तर माझी विशेष लाडकी. बारा वर्षांत तिने हूं की चूं केलं नव्हतं.

तेराव्या वर्षी मी जड झाले. जाळी रिकामी येऊ लागली. खोयने माझ्या नाळेवर हात ठेवून निदान केलं, "डोळे मंदावलेत हिचे," आणि रंग घेऊन आला. खरं तर हंगामाआधी होडी वाळूत ओढून खाली गवताचा जाळ करतात आणि तळ शेकतात, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कीड मरते. दोन हंगाम घाईघाईत ते राहून गेलं होतं. आताही उद्याच निघायचं ठरलं होतं.

तो माझी बुबुळं काळी करत होता तेवढ्यात त्याची बायको दाओ आली.

"अहो, काजळ घालून म्हातारीचं दुखणं जातं का? तळ शेका आधी."

"तळाला काय धाड भरलीय? काही झालं असतं तर बोलली नसती का ती? साऱ्या किनाऱ्यावर हिच्यासारखी बोलकी होडी नाही."

"बोलक्यांना स्वतःचं सगळं ठाऊक असतं वाटतं? तुम्ही घोरता हे तुम्हाला कोणी सांगितलं? मीच ना?"

दोघे भाऊ फिदीफिदी हसले. खोय चिडला, पण दाओ गेली ती त्रुक आजोबांना घेऊनच आली. सगळ्या गावाच्या होड्यांच्या फटी बुजवणारे हे आजोबा. हातात लाकडी हातोडी आणि भोक पाडायची एक टोकदार आरी. ते वाळूत आडवे झाले आणि ठोकत निघाले. टक्, टक्, टक्. मला रागच आला. विचारा ना मला, मी सांगते कुठे दुखतं ते! ते नाळेचा सांधा सोडून पुढे गेले, तिसरी फासळी सोडून पुढे गेले, आणि रुंद फळीशी आले. टक्. टक्. ठप्.

हातोडी थांबली.

"खोय, उद्या कोण कोण जाणार रे?"

"मी आणि हे दोघे."

"म्हणजे एकाच घरातले तिघे." आजोबांनी आरी फळीला टेकवली. शिजलेल्या रताळ्यात जावी तशी ती मुठीपर्यंत आत गेली. मला काहीसुद्धा दुखलं नाही.

दाओने रंगाचा डबा उचलून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती फळी काढली आणि माझ्या डोळ्यांसमोर वाळूत ठेवली. वरून गुळगुळीत. आजोबांनी ती मधोमध चिरली, आणि आत किडीने कोरलेले शेकडो बारीक बोगदे होते, शिंपल्यासारखे पांढरे गुळगुळीत, एकाला लागून एक, तरी एकही दुसऱ्यात घुसलेला नाही. मित्रांनो, ते भयंकर होतं आणि विलक्षण सुंदर होतं. हे सगळं माझ्या आत चाललं होतं आणि मी अभिमानाने मिरवत होते. जिला मी इतकी वर्षं 'मी' म्हणत आले, ती माझी उरली नाही तेव्हा मला पहिल्यांदा दिसली.

खोय माझ्यापाशी उकिडवा बसला. "ओळखलीस का गं? तुझीच आहे."

मी ओळखली नव्हती.

नवी फळी बसली, तळ शेकला, आणि पंधरा दिवसांनी समुद्रावर गेलेले तिघेही घरी परत आले. मित्रांनो, आपलं काय दुखतं त्याकडे जरूर कान द्या. त्यामुळे जीव वाचतात. पण जे कधीच दुखत नाही, त्यावर वर्षातून एकदा दुसऱ्या कोणाची तरी हातोडी वाजू द्या, आणि वाजवणाऱ्यावर माझ्यासारखं रागावू नका. आता दर हंगामाआधी त्रुक आजोबा येतात. ते ठोकतात, आणि मी श्वास रोखून त्यांच्याबरोबर ऐकत राहते, आत कोण आहे ते.