टोवाबाईंच्या दारावरची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, टोवाबाईंच्या दारावर, छपराच्या वळचणीखाली मला ठोकले आहे. आधी मी गोठ्यातल्या गव्हाणीत होते. मग वळचणीला पाकोळ्या घरटी करू लागल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शिंतोडे उडू लागले.

"अहो, पाद्रीबुवांच्या टोपीवर प्रसाद पडायच्या आत काहीतरी ठोका तिथे," टोवाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

तेव्हापासून माझे काम एकच, वरून पडेल ते झेलायचे. हसू नका. दर मे महिन्यात पाकोळ्या आफ्रिकेहून येत. अंगणातला चिखल चोचीने आणून हजारभर गोळ्यांचे एकेक घरटे बांधत. आमच्याकडची जमीन सगळी वाळूची. चिकट चिखल काय तो गाईंनी तुडवलेल्या अंगणात. पिल्ले माझ्यावर शिटत, आणि टोवाबाई दारात कॉफी पीत म्हणत, "फळी भरली, घर भरलं." मला फार अभिमान वाटे.

पुढे नवरा गेला, गाई विकल्या, टोवाबाईंचे पाय गेले. पाकोळ्यांशिवाय त्यांना वाट बघण्यासारखे काही उरले नाही. त्यांना बाहेर बसता यावे म्हणून एस्किल, त्यांचा मुलगा, सुट्टी काढून शहरातून आला आणि त्याने सगळ्या अंगणाला सिमेंट केले.

"आई, आता तुझी चाकांची खुर्ची कुठे रुतायची नाही बघ," तो म्हणाला.

त्याच हिवाळ्यात वादळाने घरटी पाडली. मे महिन्यात पाकोळ्या आल्या, सिमेंटवर उतरल्या, टोचून टोचून उडाल्या. टोवाबाईंनी कुंडीतली माती भिजवून ठेवली, पण तीही वाळूच. तिचे गोळे भिंतीला धरेनात, माझ्यावर गळून पडत. चौथ्या दिवशी पाकोळ्या निघून गेल्या.

"यंदा आल्याच नाहीत का गं?" एस्किलने नंतर विचारले.

"तिकडेच रमल्या असतील," टोवाबाई म्हणाल्या. अंगण त्याने त्यांच्यासाठीच केले होते. पोराचा जीव कशाला दुखवायचा?

याला चार वर्षे झाली. मित्रांनो, कुणावर माया कराल तेव्हा त्याच्या अंगणात ओंजळभर चिखल राहू द्या. आमच्या घरी आता सांगून उपयोग नाही. एस्किल बिचारा दर एप्रिलला शिडीवर चढून मला साबणाने घासतो, पाकोळ्या आल्या तर त्यांना बरे वाटावे म्हणून.

"कोपरे नीट घास रे," टोवाबाई खालून सांगतात.

मग वर्षभर मी तशीच स्वच्छ राहते.